प्रश्न तुमचे : सर्व्हरला डिस्क कोणती?

प्रश्न : दवाबाजारात आमची औषधांची होलसेल पेढी आहे. आठ कॉम्प्युटर एका सर्व्हरला जोडलेले. बिलिंगचा डेटा 60 जीबी, स्कॅन केलेली बिलं-चलनं 700 जीबी. जुनी डिस्क अधूनमधून अडकते, खरखरते. दुकानदार म्हणतो, 8 टीबीच्या तीन डेस्कटॉप डिस्क घ्या, रेड-5 करून देतो, मग बॅकअपची कटकट नाही. घ्याव्यात का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : नका घेऊ. आणि आधी जुन्या डिस्कवरचा डेटा आजच्या आज बाहेरच्या डिस्कवर उतरवा. नवी डिस्क दोन दिवसांनी आली तरी चालेल. खरखरणारी डिस्क दोन दिवस थांबेलच असं नाही.

आता रेड-5, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा उरावा म्हणून डिस्क एकत्र जोडण्याची पद्धत. तीनपैकी एक डिस्क गेली की नवी भरून काढण्यासाठी उरलेल्या दोन्ही अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात, म्हणजे 16 टीबी. डेस्कटॉप डिस्कच्या माहितीपत्रकात न वाचता येणाऱ्या चुकीची मर्यादा बहुधा 10 चा 14 वा घात इतक्या बिटांमागे एक अशी दिलेली असते; तेवढे बिट म्हणजे 12.5 टीबी. प्रत्यक्षात डिस्क याहून पुष्कळ बऱ्या चालतात, पण बारा तासांहून जास्त चालणाऱ्या त्या कामात आधार द्यायला दुसरी प्रत नसते.

खरा घोळ डेस्कटॉप डिस्कच्या स्वभावात आहे. एखादा सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा छोटा तुकडा, नीट वाचता आला नाही की ती तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचत बसते, कधी मिनिटभरसुद्धा. घरच्या कॉम्प्युटरला हे योग्यच, कारण तिथे दुसरी प्रत नाही. या डिस्क एकत्र चालवणारं रेड कार्ड मात्र काही सेकंद वाट बघतं आणि डिस्क मेली असं समजून तिला बाहेर काढतं. नासच्या, म्हणजे नेटवर्कवर सगळ्यांनी मिळून वापरायच्या साठवणीसाठी बनवलेल्या, डिस्क साधारण 7 सेकंदांत हात टेकतात, कार्ड तो तुकडा दुसऱ्या डिस्कवरून घेतं आणि काम चालू राहतं. थोडे जास्त पैसे मोजायचे ते या सात सेकंदांसाठी.

डिस्क सीएमआर आहे ना, हेही बघा. तिच्यात माहितीच्या पट्ट्या शेजारी शेजारी, सुट्या असतात. एसएमआर डिस्कमध्ये माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. मधलं कौल बदलायचं तर पुढची ओळ उचलावी लागते. तसं थोडं बदलायला बरंच पुन्हा लिहावं लागतं. रोजच्या वापरात कळत नाही, पण डिस्क बदलून सलग भरायची वेळ आली की वेग कोसळतो. नासच्या नावाने विकली जाते म्हणून निर्धास्त राहू नका. डब्ल्यूडी कंपनीच्या ‘रेड’ (लाल) नावाच्या मालिकेत 2 ते 6 टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं कंपनीने एप्रिल 2020 मध्ये मान्य केलं, आणि सीएमआर डिस्कना पुढे रेड प्लस हे नाव दिलं. सीगेटची आयर्नवुल्फ मालिका सीएमआर आहे. बिलावर नुसतं ‘4 टीबी नास’ नको, पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या.

तुमच्यासाठी जुळणी अशी : बिलिंगसाठी 480 जीबीच्या दोन सर्व्हर एसएसडी (फिरती चकती नसलेल्या, चिपवर लिहिणाऱ्या डिस्क), मिरर करून, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. साध्या डिस्कची मिनिटाला 7200 फेऱ्यांची चकती अर्धा फेरा फिरायलाच 4 मिलिसेकंद घेते, वर हेड सरकायचा वेळ. सेकंदाला जेमतेम 80 ते 100 ठिकाणं गाठते. आठ जण एकदम बिलं काढताना सॉफ्टवेअर अडखळतं ते यामुळे. एसएसडी वीज गेल्यावर हातातलं लिहून पूर्ण करणारी, म्हणजे पॉवर लॉस प्रोटेक्शनची घ्या. स्कॅनसाठी 4 टीबीच्या दोन नास डिस्क, त्याही मिरर. विंडोजमध्ये 4 टीबी 3.63 दिसतील, घाबरू नका, तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे.

दोन्ही नास डिस्क एकाच खोक्यातल्या नकोत. एकाच लॉटमधल्या डिस्क कधी कधी पाठोपाठ जातात. लेबलवरची तारीख वेगळी बघा किंवा एक सिल्व्हर मॉलमधून आणि दुसरी अन्य विक्रेत्याकडून घ्या. पैसे देण्याआधी सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी तपासा. नास डिस्कला बहुधा 3 वर्षं मिळतात, एंटरप्राइज, म्हणजे मोठ्या सर्व्हरसाठीच्या, डिस्कला 5. जोडल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये ‘पॉवर ऑन अवर्स’, म्हणजे डिस्क एकूण किती तास चालली, ते बघा. नव्या डिस्कवर हजारो तास दिसले तर परत करा.

मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते, रॅन्समवेअरने कुलूप लावलं तरी दोन्हींवर. दोन यूएसबी डिस्क ठेवा : एक रोज रात्री लावून कॉपी झाली की काढायची, दुसरी घरी; दर आठवड्याला अदलाबदल. जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने सांभाळावे लागतात, तेव्हा महिन्यातून एकदा एखादं जुनं बिल त्यातून खरोखर उघडून बघा.

सर्व्हर पोटमाळ्यावर असेल तर खाली आणा. मेमध्ये इंदूरचा पारा 42 च्या वर जातो, डिस्क त्याहून गरम असते. डिस्कचं तापमान 45 अंशांच्या आत राहायला हवं.

प्रश्न : सीसीटीव्हीची डिस्क स्वस्त मिळते. फाइल सर्व्हरला चालेल का?

उत्तर : चालू होईल, पण घेऊ नका. ती अनेक कॅमेऱ्यांचं चित्रण सलग लिहीत राहण्यासाठी जुळवलेली असते. फाइल सर्व्हरचं काम विखुरलेलं, इकडून थोडं वाचायचं, तिकडे थोडं लिहायचं.

प्रश्न : स्मार्ट तपासणीत (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते ती) 199 क्रमांकाची संख्या वाढते आहे. डिस्क बदलू का?

उत्तर : आधी साटा केबल बदला. 199 म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेवरच्या चुका. दोष बहुधा केबलचा किंवा ढिल्या पिनेचा. आकडा मागे येत नाही, तो वाढायचा थांबला की झालं. मात्र 5, 197 किंवा 198, म्हणजे खराब किंवा वाचता न येणाऱ्या सेक्टरची मोजणी, वाढत असेल तर डिस्कचीच तब्येत बिघडली आहे, ती बदलायला घ्या.