तळपायाच्या पुळ्या आणि सुजलेला गुडघा

प्रश्न : माझ्या २६ वर्षांच्या मुलाला पावसाळ्याच्या सुरुवातीला जोराची हगवण लागली. ती थांबल्यावर तीन आठवड्यांत गुडघा सुजला, डोळे आले आणि आता तळपायाला पुळ्या येऊन जाड खपल्या धरत आहेत. कोणी उष्णता म्हणते, कोणी चिखल्या. काय समजावे?
– एक वाचक भगिनी, जिंतूर

उत्तर : आपण जो क्रम लिहिला आहे, तोच निदानासाठी सर्वांत मोलाचा आहे. आतड्याच्या किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गानंतर साधारणतः एक ते चार आठवड्यांनी सांधे सुजले, तर ‘रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिस’ या संधिवाताची शंका घ्यावी लागते. पत्रावरून निदान करणे योग्य नाही. मात्र ही उष्णता आहे असे समजून दुखणे अंगावर काढू नये, हे निश्चित.

चिखल्या बहुधा बोटांच्या बेचक्यांत होतात, तेथील कातडी पांढरी व ओलसर पडते आणि खाज सुटते. या आजारात मात्र तळव्यावर लालसर डाग उठतात, त्यांवर पू भरल्यासारख्या बारीक पुळ्या येतात आणि पुढे त्या एकमेकींत मिसळून पिवळट-तपकिरी, शिंगासारखे कठीण थर तयार होतात. त्या पुवात सहसा जंतू नसतात, म्हणून मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या मलमाने गुण येत नाही. सोरायसिसही हुबेहूब असाच दिसू शकतो. त्यामुळे केवळ कातडी पाहून भागत नाही, हगवण, सांधे व डोळे यांची हकीकत डॉक्टरांना सांगावीच लागते.

नखे जाड होऊन सुटू लागली आहेत का, जिभेवर किंवा टाळूवर न दुखणारे व्रण आहेत का, हेही पाहावे. शिश्नाच्या टोकावर वर्तुळाकार, उथळ व बहुधा न दुखणारे चट्टे येतात. ते दुखत नसल्याने आणि संकोचामुळे तरुण मुले घरात त्याविषयी बोलत नाहीत. म्हणून त्याला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्यावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे. क्लॅमिडियासारखा लैंगिक संसर्ग मुळाशी असल्यास उपचार वेगळे ठरतात आणि जोडीदारालाही द्यावे लागतात.

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा जवळच्या जिल्हा रुग्णालयात त्याला लवकर दाखवावे. डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा अंधुक दिसत असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे. तापासह गुडघा लाल व गरम झाला असेल, तर सांध्यातील पाण्याची तपासणी तातडीने करावी लागते.