नाईट झेपत नाही, राजीनामा देऊ का? – माझं उत्तर

भाऊ, वय ४७, जळगाव एमआयडीसीत सुपरवायझर, वर नवा तिशीचा साहेब, नाईट लागली की दोन-तीन दिवस डोकं जड, आणि वर ‘माझंच वय झालं का?’ हे तुमचं वाचलं आणि माझेच दिवस आठवले. मी चटईच्या कारखान्यात लूमवर होतो. बीपी तपासा वगैरे सांगत बसत नाही, ते केलंच असेल.

नाईटपुरतं वय आडवं येतं हे खरं. वय वाढतं तशी दिवसाची झोप तुटक होत जाते. त्यात आपल्याकडचा मे, पारा ४५ ला, पत्र्याचं घर, दुपारी लाईट गेली की झोप कसली! पण बाकीचं सगळं वयावर ढकलू नका. १९९६ साली ब्रिटनमधल्या पाच हजारांवर नोकरदारांचा एक अभ्यास आला, त्यात कामाचं समाधान तिशीत तळाला जाऊन पुढे परत चढलेलं दिसलं. आता ते लोक तिकडचे, शिवाय कंटाळून आधीच घरी बसलेले अशा मोजणीत येत नाहीत, तेव्हा डोळे झाकून धरू नका. मला विचाराल तर खरा जाच हातात काही नसण्याचा. लूमचा आवाज बदलला की धागा तुटणार हे मला कळायचं, पण मशीन थांबवायला परवानगी काढायची ती ‘आबा, तुमना जमाना गया’ म्हणणाऱ्या पोराकडून.

त्याहून महाग पडलं ते आमचं ऑफिस. नाव घेत नाही. नाईट कमी करा म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट अर्ज दिला, तर तिथल्या साहेबांनी स्वतः टाईप केलेला कागद पुढे सरकवला: ‘वयोमानामुळे सध्याचे काम झेपत नाही, तरी हलके काम मिळावे.’ हलकं काम म्हणजे स्टोअर. नाईट अलाउन्स गेला, ओव्हरटाईम गेला, आणि उद्या छाटणी निघाली की हाच कागद पुढे. सही केली नाही, तर माझा अर्जच सापडेना. पोच मागितली होती, तेव्हा ‘शिक्का कपाटात आहे, किल्ली नाही.’ अख्खा उन्हाळा नाईट काढली.

म्हणून अर्ज स्वतःच्या शब्दांत लिहा, त्यात ‘वय’ नकोच. रात्रपाळी, झोप, बीपी एवढंच. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा.

राजीनामा रागात नको. पीएफची पेन्शन ५८ ला. दहा वर्षं सेवा असेल तर पन्नाशीनंतर आधी घेता येते, पण दर वर्षामागे ४ टक्के कापतात. तुम्हाला आज तीही नाही. मी काही त्यातला जाणकार नाही, विचारून घ्या.

आणि नाईटच्या डब्यात शेवभाजी नेऊ नका, पहाटे छातीत जळजळतं. अर्ज दिलाय की नाही अजून, तेवढं कळवा.