सर्वकालीन श्रेष्ठ वेल्टरवेट (सुमारे ६७ किलोपर्यंतचा वजनगट) बॉक्सर कोण? क्रमवारी द्याल का? फ्लॉइड मेवेदर ५०-० आहे (पन्नास विजय, एकही हार नाही), म्हणजे पहिला तोच ना? मुलगा बॉक्सिंग शिकतोय, त्याला कुणाच्या लढती दाखवू?

मेवेदर पहिला नाही. पहिल्या तिघांतही नाही. आणि ‘५०-०’ वरून क्रमवारी लावायची असेल, तर मुलाला लढती दाखवूच नका, नुसता तक्ता दाखवा.

पहिला शुगर रे रॉबिन्सन. फेब्रुवारी १९४३ मध्ये डेट्रॉइटला जेक लामोटाने त्याला हरवलं. व्यावसायिक कारकिर्दीतली ती पहिलीच हार. लामोटा मिडलवेट, म्हणजे वरच्या गटातला, वजनाने जवळपास पंधरा पौंड जास्त. रॉबिन्सन त्याच महिन्यात, त्याच शहरात, त्याच माणसासमोर पुन्हा उभा राहिला आणि जिंकला. दोघं सहा वेळा लढले, पाच वेळा रॉबिन्सन जिंकला. १९४३ च्या त्या हारेनंतर त्याला हरवायला १९५१ साली रँडी टर्पिन यावा लागला.

हे एवढं सांगतोय कारण मीही वेल्टरलाच खेळायचो, विदर्भातल्या एका जिल्हा क्लबमध्ये. माझ्याच वजनात आणखी एक मुलगा होता. त्याच्या नावावर एकही हार नव्हती, आणि आमचे सर ते सगळ्यांना सांगायचे. त्याला नवशिक्या पोरांसमोर बाउट, म्हणजे लढती, मिळायच्या, कधी समोरचा आलाच नाही म्हणून वॉकओव्हर. मला मात्र शेजारच्या जिल्ह्यातल्या एका डावखुऱ्या, मुरलेल्या मुलासमोर उतरवलं. पॉइंट्सवर हरलो. दुसऱ्या राऊंडनंतर त्याचा डावा हात कुठून येतो ते मला कळायला लागलं होतं. मी सरांकडे त्याच्याशीच पुन्हा बाउट मागितली. सर म्हणाले, ‘कशाला अजून एक हार लावून घेतोस?’ राज्य स्पर्धेसाठी नाव त्या न हरलेल्या मुलाचं गेलं, कारण त्याचा रेकॉर्ड ‘स्वच्छ’ होता. तिथे त्याची पहिलीच बाउट रेफरीला मध्येच थांबवावी लागली. त्या पोराचा दोष नव्हता. जोरदार ठोसा खाऊन सावरायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

आता बाकीचे. दुसरा हेन्री आर्मस्ट्राँग. फेदरवेटचा विजेता असताना त्याने मे १९३८ मध्ये बार्नी रॉसकडून वेल्टरचा किताब घेतला, ऑगस्टमध्ये लू अँबर्सकडून लाइटवेटचा. फेदर आणि लाइट हे वेल्टरच्या खालचे गट; तिन्ही किताब एकाच वेळी त्याच्याकडे. ऑक्टोबर १९३९ या एका महिन्यात त्याने वेल्टरचा किताब पाच वेळा राखला. आजचे विजेते वर्षात दोनदा रिंगमध्ये उतरले तरी खूप झालं.

तिसरा शुगर रे लेनर्ड. जून १९८० मध्ये माँट्रियलला रॉबर्टो दुरानकडून हरला, नोव्हेंबरमध्ये न्यू ऑर्लीन्सला त्याच दुरानला आठव्या राऊंडमध्ये लढत सोडायला लावली. पुढच्या वर्षी टॉमस हर्न्सविरुद्ध तिन्ही पंचांच्या गुणांत मागे, डावा डोळा सुजलेला, आणि चौदाव्या राऊंडमध्ये लढत संपवली. चौथा होसे नापोलेस. १९७० मध्ये जखमांमुळे लढत थांबली आणि किताब बिली बॅकसकडे गेला. पुढच्या वर्षी बॅकसकडूनच परत घेतला. त्यानंतर किड गॅव्हिलान, एमिल ग्रिफिथ आणि तोच हर्न्स. त्यांच्यात वरखाली करा, माझी हरकत नाही.

मेवेदर मी सातव्या-आठव्या जागी ठेवतो. त्याचा बचाव या वजनात कुणापेक्षाही कमी नाही, खांदा फिरवून उजवा ठोसा चुकवावा तर त्यानेच. पण त्याच काळातल्या मॅनी पॅकियाओशी लढतीची चर्चा २००९ पासून होती आणि ती झाली २ मे २०१५ ला, तेव्हा मेवेदर ३८ वर्षांचा, पॅकियाओ ३६ चा, दोघांचाही भर ओसरलेला. टेरेन्स क्रॉफर्डने २०२३ मध्ये याच वजनात एरॉल स्पेन्सला तीनदा पाडलं तेव्हा स्पेन्सही अपराजित होता. तशी एक रात्र मेवेदरच्या वेल्टरच्या काळात मला सापडत नाही. त्याने हरवलेला रिकी हॅटन अपराजित होता, पण तो खालच्या वजनातून वर आलेला.

रॉबिन्सनच्या वेल्टरच्या दिवसांचं चित्रण फार थोडं उरलंय, त्यामुळे त्याच्याबद्दल मी बरंचसं निकालांवरून बोलतोय, हे ध्यानात घ्या.

मुलाचं म्हणाल तर क्लबमध्ये जाऊन विचारा, हरलेल्या मुलाला त्याच प्रतिस्पर्ध्याशी पुन्हा बाउट देता का? ‘नाही’ म्हणाले तर क्लब बदला. आणि घरी लेनर्ड-दुरानच्या त्या दोन्ही लढती दाखवा. आधी लेनर्ड हरला ती, पंधराच्या पंधरा राऊंड. दुसरी त्यानंतर.