मत दिलं नाही, तरी ‘आमेन’ म्हणायचं का?
वाचकांचे प्रश्न : राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना

प्रश्न : सत्तेवर असलेल्या नेत्याला मी मत दिलेलं नाही आणि त्याची धोरणंही मला पटत नाहीत. उपासनेत त्याच्यासाठी प्रार्थना सुरू झाली की ‘आमेन’ घशातच अडकतं. मनात नसताना ते म्हणणं ढोंग नाही का?

उत्तर : तुम्ही पाठिंबा आणि मध्यस्थी (दुसऱ्यासाठी देवाकडे मागणं) यांची गल्लत करत आहात. बायबलमधल्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१ तीमथ्य २:१-२) राजे आणि वरिष्ठ अधिकारी यांच्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं आहे. ते पत्र लिहिलं गेलं तोवर रोमचा एकही सम्राट ख्रिस्ती झालेला नव्हता. सगळ्यांना शांतपणे, सुभक्तीने जगता यावं, हे कारण तिथेच दिलं आहे. राजाचं गुणगान त्यात कुठेच नाही. यिर्मया २९:७ तर याहून कठीण आहे. ज्या बाबेलने बंदिवान करून नेलं, त्याच नगराच्या हितासाठी प्रार्थना करा, असं बंदिवानांना सांगितलं गेलं.

इ. स. १९७ च्या सुमारास कार्थेजच्या तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने ख्रिस्ती लोकांची बाजू मांडताना हीच रेघ स्पष्ट आखली. आम्ही सम्राटाला देव म्हणणार नाही, पण त्याच्या दीर्घायुष्यासाठी आणि सुरक्षित राज्यासाठी खऱ्या देवाकडे मागतो, असं त्याचं म्हणणं. म्हणजे प्रार्थना सम्राटासाठी, सम्राटाला नव्हे. तेवढ्याला ‘आमेन’ म्हणा. मत तुमचं तुमच्याकडेच राहतं.

प्रश्न : ‘देवा, त्यांना सद्बुद्धी दे’ यापलीकडे मला काही सुचत नाही. नेमकं काय मागावं?

उत्तर : आधी ‘सद्बुद्धी’विषयी. मराठीत हा शब्द बहुतेक वेळा टोमणाच असतो. समोरच्याला अक्कल नाही, असं देवाला सांगून मोकळं व्हायचं. शलमोन राजाने स्वतःसाठी जे मागितलं (१ राजे ३:९), तिथून सुरुवात करा : न्याय करताना बरंवाईट ओळखणारं, ऐकून घेणारं मन.

मग पदाकडे पाहा, कारण प्रत्येक पदाचा मोह वेगळा. अर्थखातं सांभाळणाऱ्यासाठी आकड्यांशी प्रामाणिकपणा मागा, पोलीसप्रमुखासाठी बळ वापरताना संयम, न्यायाधीशासाठी दबावापुढे न झुकण्याचं धैर्य, आमदार-खासदारांसाठी मतदारांचं ऐकायला वेळ. विरोधी पक्षनेत्यालाही वगळू नका. सरकारला प्रश्न विचारणं ही त्याची जबाबदारी आहे आणि तीही नीट पार पडायला हवी.

घरी रोज पाच मिनिटं पुरतात. एका दिवशी एकच पद घ्या. त्या माणसाचं नाव घ्या, त्याच्या एखाद्या चांगल्या कामाबद्दल उपकार माना (हे सर्वांत जड जातं, म्हणून आधी), त्या आठवड्यात त्याच्यासमोर असलेला एकच निर्णय देवापुढे ठेवा आणि त्या निर्णयाची झळ ज्यांना बसणार त्यांची आठवण करा. नीतिसूत्रे ३१:८-९ मध्ये राजाला मुक्यांसाठी तोंड उघडायला सांगितलं आहे. म्हणून ही शेवटची पायरी गाळू नका. ती गाळली की प्रार्थना नेत्यापाशीच थांबते. बातम्या पाहून संतापला असाल तर लगेच बसू नका. त्या क्षणी प्रार्थनेच्या नावाखाली भाषणच बाहेर पडतं.

प्रश्न : उपासनेत मध्यस्थीची प्रार्थना मी चालवते. गेल्या वेळी एकाने ‘फारच राजकीय झाली’ म्हटलं, दुसऱ्याने ‘फारच गुळमुळीत’. कुठे चुकतं?

उत्तर : बहुधा लिहून न आणल्यामुळे. ऐन वेळी बोलताना माणूस बातम्यांकडे वळतो आणि देवाला माहिती पुरवू लागतो : ‘प्रभू, तुला ठाऊकच आहे की काल सभागृहात...’. असं वाक्य निघालं की मंडळी प्रार्थना सोडून तुमचं मत ऐकू लागते.

राज्यकर्त्यांचा भाग दीड-दोन मिनिटांत बसवा. तीन-चार विनंत्या, प्रत्येकीत एकच क्रियापद, प्रत्येकीनंतर दहा सेकंद शांतता आणि मग मंडळीचा ठरलेला प्रतिसाद. दहा सेकंद पुढे उभं राहिल्यावर फार लांब वाटतात, म्हणून मनात मोजा. पदव्यांची माळ नको. पद आणि नाव पुरे. एखादं विधेयक मंजूर व्हावं किंवा पडावं असं मागू नका. त्यावर मंडळीत दोन मतं असणार. विधेयकाने ज्यांचं जगणं बदलणार त्यांना न्याय मिळावा, असं मागा.

कागद तयार झाला की विरुद्ध पक्षाला मत देणाऱ्या, विश्वासातल्या एकाला वाचायला द्या. ज्या वाक्याला तो मनापासून ‘आमेन’ म्हणू शकत नाही, ते बदला. पण सगळंच पुसून टाकू नका. ‘सर्व नेत्यांना आशीर्वाद दे’ एवढंच उरलं तर ती गुळमुळीत तक्रार खरी ठरेल. निवडणुकीच्या आठवड्यात उमेदवारांची नावं टाळा. मतमोजणी करणाऱ्यांचा प्रामाणिकपणा आणि हरणाऱ्यांचा समंजसपणा मागा.

प्रश्न : राज्यकर्ता उघड अन्याय करत असेल तर त्याचा नाश मागता येतो का? स्तोत्र १०९ मध्ये तसं आहेच की.

उत्तर : स्तोत्र १०९:८ मधली ‘त्याचे दिवस थोडे होवोत’ ही ओळ नेत्यांबाबत थट्टेने वापरली जाते. वापरणारे पुढची ओळ वाचत नाहीत. तिथे त्याची मुलं पोरकी आणि बायको विधवा व्हावी असं आहे. हे कुणाच्या घराबाबत थट्टेने म्हणण्यासारखं नाही. ती छळलेल्या माणसाने देवापुढे टाकलेली किंकाळी आहे. सूड मात्र तो स्वतः घेत नाही.

नमुना हवा असेल तर प्रेषितांची कृत्ये ४:२४-३० पाहा. पेत्र आणि योहान यांना धमकावून सोडल्यावर मंडळीने हेरोद आणि पिलात या राज्यकर्त्यांची नावं उघड घेतली, झालेला अन्याय सांगितला, ‘त्यांच्या धमक्यांकडे पाहा’ असं म्हटलं. मागितलं मात्र स्वतःसाठी धैर्य. तेव्हा अन्यायाला अन्याय म्हणा, कट फसावा असं मागा, अधिकाऱ्याने पश्चात्ताप करावा किंवा त्याच्या हातून सत्ता जावी असंही मागा. त्याच्या मरणाची मागणी ‘शत्रूंवर प्रीती करा’ या मत्तय ५:४४ पुढे टिकत नाही. आणि प्रार्थना केली म्हणून तक्रार, निषेध, मतदान यांतून सुटका होत नाही. माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, हे प्रेषितांनी न्यायसभेला तोंडावर सांगितलं होतं (प्रेषितांची कृत्ये ५:२९).

प्रश्न : नाव घेणं गरजेचं आहे की नुसतं पद चालेल?

उत्तर : दोन्ही चालतं, पण नाव घेतल्याने माणूस डोळ्यांपुढे राहतो. फक्त यादीवर तारीख घाला आणि दर तीन महिन्यांनी तपासा. पायउतार झालेल्या मंत्र्याचं खातं सुधारावं म्हणून वर्षभर प्रार्थना करत राहणाऱ्या मंडळ्या कमी नाहीत.