बडोद्यात शास्त्रीय गाणं दरबारातून सामान्य घरांत कसं आलं?

मुख्यतः सयाजीराव महाराजांनी काढलेल्या सरकारी गायनशाळेमुळे. १८८६ मध्ये दरबारातले गायक-वादक मौलाबक्ष यांच्या हाताखाली ती सुरू झाली आणि दरबाराशी काही संबंध नसलेल्यांनाही रीतसर गाणं शिकता येऊ लागलं. मौलाबक्षांनी स्वरलिपी, म्हणजे गाणं स्वरांच्या खुणांनी लिहून ठेवायची पद्धत, बसवली, तिच्यावर क्रमिक पुस्तकं काढली. उस्तादाच्या गळ्यातली चीज (बंदिश) कागदावर उतरली, की ती कुणा एकाच्या मर्जीवर राहत नाही; माझ्या मते खरा बदल इथेच झाला. सूरसागर तलावासमोरची बडोदा विद्यापीठाची आजची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी त्याच शाळेतून वाढली. मात्र दरबारी गाणं यानं संपलं असं समजू नका: फैयाजखाँसाहेब त्यानंतरच बडोद्याचे दरबारगायक झाले. आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकत जाणं), बोलबनाव (गाण्यातले शब्द भावाप्रमाणे खुलवणं) वगैरे आजही गुरूसमोर बसूनच शिकावं लागतं.