अपलाइन मैत्रीण आणि तिच्याकडचा कोरा चेक

वडगावच्या (बेळगाव) एका भगिनीचं पत्र आलं आहे. लांबलचक आहे, म्हणून त्यातला गाभा तेवढा देतो.

"वकीलसाहेब, घरात दोन माग आहेत, यजमान तेच बघतात. मंगाईच्या जत्रेला शाळेपासूनची माझी मैत्रीण घरी आली होती. तिनं एका कंपनीचा प्लॅन दाखवला. पॅकेज तीस हजाराचं होतं. माझ्याकडे भिशीचे दहाच होते, वरचे वीस तिनं घातले आणि 'असू दे, कागद म्हणून एक चेक दे' म्हणाली. मी सही करून कोरा चेक दिला. मग माझ्याखाली चंदगडच्या नणंदेची आणि भिशीतल्या शेजारणीची आयडी (सभासदत्व) लावली. दोघींचे तीस-तीस हजार माझ्या फोनवर आले, मी पुढे मैत्रिणीला पाठवले. मला एकदाच ४,२०० मिळाले. आयडी चालू ठेवायला दर महिन्याला अडीच हजाराचा माल घ्यावा लागतो, चार महिने घेतला, पावडरीचे डबे खाटेखाली पडून आहेत. मला सोडायचंय. मैत्रीण म्हणते, तू गेलीस तर माझा पाय मोडतो. तिचे वरचे सर म्हणतात, मध्येच सोडलंत तर लीगल नोटीस येईल. नणंद पैसे मागतेय. मैत्रीण तुटू नये आणि कोर्टाची पायरी चढू नये, असं काही होतं का, तुम्हीच सांगा की."

ताई, 'पाय मोडतो' हे वाचून एखाद्याला वाटेल मैत्रिणीला खरंच काही झालं. प्लॅनमध्ये आपल्याला जोडणारी ती आपली अपलाइन, आणि तिच्या खाली जोडलेल्या माणसांच्या दोन रांगा म्हणजे डावा पाय आणि उजवा पाय, दोन्हीकडे माणसं जुळली की पेआउट, म्हणजे कमिशन, हे आता आपल्याकडे बारशाला आलेल्या बायकांनाही ठाऊक झालंय.

तुम्हाला मैत्रिणीची काळजी लागली आहे. मला काळजी वाटते ती तुमच्या नणंदेची आणि शेजारणीची. कायद्याच्या नजरेनं तुमचा धोका वरून येत नाही, खालून येतो. तुम्ही कुणाच्या खाली आहात यापेक्षा तुमच्या खाली कोण आहे आणि त्यांचे पैसे कुणाच्या खात्यावर उतरले, हे पोलीस आधी बघतात. ते तुमच्या खात्यावर उतरले आहेत.

माल विकून कमिशन मिळवणं, त्यासाठी माणसं नेमणं, हा धंदा आपल्या देशात बेकायदा नाही. डायरेक्ट सेलिंगसाठी ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२१ च्या डिसेंबरात स्वतंत्र नियमच झाले. पण त्याच नियमांत लिहिलंय की डायरेक्ट सेलिंगच्या नावाखाली पिरॅमिड योजना (खाली माणसं जोडत गेल्यावरच वरच्यांना पैसे) किंवा पैसे फिरवण्याची योजना चालवायची नाही, त्यात कुणाला भरती करायचं नाही आणि स्वतः भागही घ्यायचा नाही. पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी तर १९७८ च्या कायद्यापासून आहे. त्या कायद्याचं कलम ३ फक्त कंपनीच्या मालकाला धरत नाही. जो सभासद होतो, जो भाग घेतो, जो अशा योजनेपोटी पैसे घेतो किंवा पाठवतो, तोही त्यात येतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम आज हसण्यासारखी वाटते, कैद तशी वाटत नाही.

तुमची कंपनी कुठल्या बाजूची, हे मी पत्रावरून ठरवणार नाही. एक प्रश्न तुम्हीच स्वतःला विचारा. उद्यापासून एकही नवी आयडी लागली नाही, पण गणपत गल्लीतल्या कुठल्याही बाईला तुम्ही ती पावडर विकली, तर तुम्हाला पैसे सुटतात का? सुटत असतील तर तो धंदा आहे. माल निमित्ताला आणि पैसा फक्त नव्या जॉइनिंगवर फिरत असेल, तर उत्तर तुम्हाला माहीत आहे. दर महिन्याला अडीच हजाराचा माल घेतला नाही तर आयडी बंद, ही अट मला तरी बरी वाटत नाही. विकता किंवा वापरता येईल त्याहून जास्त माल सभासदाच्या गळ्यात मारू नये, हे २०१६ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांपासून सांगितलेलं आहे.

आता त्या 'लीगल नोटीस'ची भीती. नोटीस म्हणजे कोर्टाचं समन्स नव्हे. ते एका वकिलानं आपल्या पक्षकाराच्या सांगण्यावरून लिहिलेलं पत्र असतं. कुणी तुम्हाला माणसं जोडत राहायला भाग पाडू शकत नाही आणि दर महिन्याला माल घ्यायलाही नाही. आलीच तर फाडू नका, दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या. बहुतेक वेळा ती येतच नाही, कारण नोटीस दिली की प्लॅनचे कागद बाहेर काढावे लागतात.

सोडायचं कसं, तर कंपनीला लिहून. मैत्रिणीला सांगून तुमचा राजीनामा होत नाही. ती तुमची मैत्रीण आहे, कंपनी नाही, आणि तो स्वीकारायचा अधिकारही तिला नाही. कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टानं आणि तक्रार अधिकाऱ्याच्या ईमेलवर, दोन्हीकडे पाठवा. माझी आयडी आजपासून बंद करा, माझ्या नावावर पुढचं कुठलंही पेआउट जमा करू नका, न उघडलेला माल परत घ्या, मी सही केलेल्या कराराची प्रत द्या, एवढंच. करारात 'कूलिंग-ऑफ'ची मुदत असते. त्या मुदतीत दंडाशिवाय बाहेर पडता येतं. तुमची बहुधा उलटून गेली असेल, पण प्रत हातात आल्याशिवाय ते मानू नका. तक्रारीची पोच ४८ कामकाजी तासांत आणि निवारण साधारण महिन्याभरात, असं २०२१ च्या नियमांत आहे. काहीच हललं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर बोला, तिथं मराठीतही बोलता येतं. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथं फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. 'तुम्ही ग्राहक नाही, व्यापारी आहात' असं कंपनी म्हणेल. स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेला माल त्यातून वगळला जाऊ शकतो, तो वाद तेव्हा घालू.

खाटेखालचे डबे मोजा, बॅच नंबर आणि मुदत संपण्याची तारीख लिहून ठेवा, फोटो काढा. प्लॅनचे व्हॉट्सॲप ग्रुप सोडण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करून घ्या. रागाच्या भरात ग्रुप डिलीट करणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या. मग पुरावा म्हणून हातात उरतात फक्त बँकेच्या नोंदी, आणि त्या सगळ्या त्यांच्याच विरुद्ध बोलतात.

चेकबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण पत्रात तुम्ही तो एका ओळीत उरकलाय. सही केलेला कोरा चेक म्हणजे रिकामा कागद नव्हे. २०१९ साली सुप्रीम कोर्टानं बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार खटल्यात सांगितलंय की स्वखुशीनं सही करून दिलेल्या कोऱ्या चेकवर समोरच्यानं रक्कम भरली, तरी चेकच्या कायद्यातल्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३९ चं गृहीतक लागू होतं. म्हणजे देणं नव्हतं हे सिद्ध करायचं काम तुमच्यावर. चेक परत आला तर बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत मैत्रिणीची नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस तुमचे, पैसे दिले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात तिची फिर्याद. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बँकेत 'स्टॉप पेमेंट' सांगितलं म्हणून सुटका होतेच असं नाही.

तुमची मैत्रीण असं करणार नाही, तुम्ही म्हणाल. मीही तसंच धरून चालतो. पण चेक आज तिच्या कपाटात आहे. उद्या तिच्यावर दडपण आलं तर तो तिच्या वरच्या सरांच्या बॅगेत असेल आणि त्यावर वीस हजार लिहिलेले असतील की दोन लाख, हे कुणी सांगावं.

म्हणून सगळ्यात आधी ते वीस हजार. कंपनी खरी असो की खोटी, हे पैसे मैत्रिणीनं तुम्हाला विश्वासानं दिलेत. बेकायदा योजनेसाठी दिलेलं कर्ज वसूल होत नाही, असा मुद्दा कोर्टात मांडता येतो. वेळ आली तर मीही मांडेन. पण तो मुद्दा मैत्री मोडल्यानंतरचा आहे, आणि तुम्ही तर मैत्री टिकवायला निघालात. एकदम जमत नसेल तर पाच-पाच हजार करून द्या, पण रोख नको, खात्यावरून. प्रत्येक वेळी तिच्याकडून व्हॉट्सॲपवर दोन शब्द घ्या: "मिळाले, बाकी इतके." शेवटच्या हप्त्याला चेक परत घ्या, तिच्यासमोर आडवी रेघ मारा, फोटो काढून ठेवा. पतसंस्थेतून पिग्मीवर कर्ज काढून मात्र हे करू नका. एक भोक बुजवायला दुसरं पाडायचं कशाला.

तिला भेटायचं ते तिच्या घरी, ती एकटी असताना. सेमिनारच्या हॉलवर नाही, फोनवर नाही, ग्रुपवर तर मुळीच नाही. पत्र पोस्टात टाकायच्या आदल्या दिवशी जा, टाकल्यावर नाही. तिला ते वरच्या सरांकडून कळलं तर मैत्री तिथंच संपली. बोलताना 'कंपनी चोर आहे' ने सुरुवात करू नका, ती कंपनीची बाजू घ्यायला लागेल आणि तुम्ही दोघी प्लॅनवर भांडत बसाल. स्वतःचं सांगा: "मला नणंदेचं तोंड बघवत नाही. घरात बोलणी खावी लागतात. मी सोडतेय. तुझे वीस हजार देणार, चेक दे. तू काय करायचं ते तू ठरव." एवढं पुरे. तिला वाचवायची जबाबदारी अंगावर घेतली की परत हॉलमध्ये जाऊन बसाल. तीही कुणाच्या तरी खालीच आहे. तिनंही कदाचित दागिने गहाण टाकलेत.

ती दोन कागद पुढं करू शकते. एक, "मी स्वखुशीनं आले, माझी कसलीही तक्रार नाही." यावर सही नको. दुसरा, "पैसे देते, पण पोलिसात जाणार नाही असं लिहून दे." यावर तर नकोच. गुन्ह्याची तक्रार न करण्याच्या बदल्यात पैसे, असा करार कायद्यात टिकत नाही, वर दोघींनाही अडकवतो. पैशांचा हिशोब तेवढा लिहा: कुणी कुणाला किती दिले, किती परत केले, चेक परत मिळाला. रकमेवरून वाद झालाच तर बेळगाव कोर्टाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला तिथं उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. दोघींनी मिळून एकच वकील करू नका. आज तुमची बाजू एक वाटली तरी पोलिसांच्या टेबलावर ती एक राहत नाही. लोक अदालतीत तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकंच बळ असतं.

नणंदेकडे येतो. ती चंदगडची, म्हणजे महाराष्ट्रातली. पैसे तिथून निघाले, तुमच्या बेळगावच्या खात्यावर आले. ती चंदगड पोलिसात गेली तर 'हद्द आमची नाही' म्हणून त्यांना तिला परत पाठवता येत नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत (फौजदारी कामकाजाच्या कायद्यात) कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवून तो योग्य हद्दीत पाठवायची तरतूद आहे. म्हणजे तुम्हाला बोलावणं तिकडून येऊ शकतं, आणि त्या दिवशी तुम्ही 'मी फक्त पुढे पाठवले' म्हणाल तेव्हा कुणी लगेच मान डोलावणार नाही. तिला आणि शेजारणीला आत्ताच सांगा की आयडी बंद करायचं पत्र त्यांनीही द्यावं. तुमच्या पत्राचा मजकूर त्यांना द्या. मिळालेले ४,२०० त्यांच्याच पैशांतून आलेत, ते दोघींना निम्मे निम्मे परत करा, खात्यावरून, 'कमिशन परत' असं लिहून. सगळे साठ हजार तुम्ही भरून द्यावेत असं मी म्हणत नाही. ते तुमच्याकडे राहिलेले नाहीत. पण पैसे कुठं गेले याचे स्क्रीनशॉट त्यांना द्या. लपवलेत तर संशय तुमच्यावर.

एवढं करून गुन्हा पुसला जातो का? नाही. पण कळल्यावर थांबलात, एक रुपया ठेवला नाही, खालच्यांना सावध केलंत, हे कागदावर असणं आणि नसणं यात कोर्टात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

भाषेबद्दल, कारण आपल्या भागात हा प्रश्न येतोच. कुठल्याही सरकारी अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं आपल्या भाषेत मांडायचा हक्क घटनेच्या कलम ३५० नं दिलाय, तेव्हा मराठीत अर्ज देऊ नका असं मी म्हणणार नाही. पण कंपनीचं पत्र इंग्रजीत करून घ्या, ते वाचणारा माणूस बेळगावात बसत नाही. आणि ठाण्यात जबाब कन्नडमध्ये लिहिला गेला तर तो पूर्ण वाचून, मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका. सीमावाद सुप्रीम कोर्टात पडून आहे तो आहे. तुमच्या जबाबावर तो सोडवायला जाऊ नका.

नणंदेला फोन आज संध्याकाळी करा. मैत्रिणीकडे जायच्या आधी.