चेलोवरचा घुरघुरणारा स्वर

प्रश्न : माझ्या चेलोवर (व्हायोलिनच्या कुळातलं मोठं वाद्य) ‘जी’ (G) तारेवरचा वरचा ‘एफ’ (F) हा स्वर वाजवताना आवाज थरथरतो, तुटतो. बाकी स्वर स्वच्छ येतात. माझा गज चुकतो का?

उत्तर : गजाला दोष देऊ नका. याला वुल्फ नोट म्हणतात आणि चांगल्या चेलोवरही ती असते. बहुधा ई ते एफ शार्प या स्वरांच्या दरम्यान. एफची कंपनसंख्या सुमारे १७५ हर्ट्झ. वाद्याच्या खोक्याचा स्वतःचा मुख्य अनुनाद तिथेच जुळला, की तार आणि खोकं एकमेकांची ऊर्जा ओढत राहतात. म्हणून घुरघुर.

घोडी (तारा उचलून धरणारा लाकडी तुकडा) आणि टेलपीस (तारांची खालची टोकं अडकवलेली पट्टी) यांमधल्या ‘जी’ तारेच्या तुकड्यावर आतून रबर असलेली छोटी पितळी नळी बसवा. स्क्रू सैल करून ती दोन-तीन मिलिमीटर सरकवा, एफ वाजवून पाहा, पुन्हा सरकवा. घुरघुर पूर्ण मारण्याच्या मागे लागू नका. आजूबाजूचे स्वर बोदे होतात, कधी वुल्फ शेजारच्या स्वरावर जाते.

ऐन कार्यक्रमात गुडघ्यांनी वाद्य किंचित दाबा. आतला साउंडपोस्ट (खोक्यात उभी बसवलेली लाकडी काडी) मात्र कारागिरालाच हलवू द्या.